जुन्या पिकअपच्या केबिनमधले दिवे : आधी अर्थिंग बघा, मग होल्डर, बल्ब सगळ्यात शेवटी

टाटा २०७ घ्या, बोलेरो पिकअप घ्या, नाहीतर एखादी जुनी मॅक्स घ्या. दहा-पंधरा वर्षं भाजीपाला आणि सिमेंट वाहिलेल्या गाडीचं दार रात्री उघडलं की रूफ लाइट एकतर लागत नाही, आणि लागलाच तर पावतीवरचा आकडा तीन आहे की आठ ते कळत नाही. मग ड्रायव्हर हनुवटीखाली मोबाइल धरून गेटपास शोधतो, मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. मालकाला सांगितलं की मालक म्हणतो, बल्ब गेला असेल, बदलून टाक. बल्ब बदलला जातो. उजेड तेवढाच राहतो.

जुन्या गाडीत गडबड बहुतेक वेळा बल्बात नसते, बल्बापर्यंतच्या वाटेत असते. गंजलेला अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत जायची जोडणी), सैल पडलेली होल्डरची पट्टी, हिरवा थर चढलेला कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग. यातला प्रत्येक जण थोडे थोडे व्होल्ट खातो. फिलामेंटच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने पडतो. इंजिन चालू असताना बल्बाला साडेतेरा व्होल्ट मिळायला हवेत, तिथे बाराच पोचले तर उजेडाचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग गेला. दीड व्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटतं, म्हणून हा हिशेब आधीच सांगितला.

म्हणून हा लेख बल्ब कसा काढायचा इथून सुरू होत नाही.

लागणारं सामान

साधा डिजिटल मल्टीमीटर. तीन-चारशे रुपयांचा असला तरी या कामाला पुरतो. त्याच्या जोडीला टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरमध्ये बसवलेला १२ व्होल्टचा छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला क्लिप आणि दुसरीच्या टोकाला टोचणी. वायरमनकडे हा घरी बनवलेलाच असतो. मीटर आकडा दाखवतो आणि टेस्ट लॅम्प प्रत्यक्ष करंट ओढतो, म्हणून दोन्ही लागतात. त्याशिवाय बारीक नाकाची पक्कड, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, थोडं व्हॅसलिन, इन्सुलेशन टेप, आणि एक जुनं एटीएम कार्ड. कार्ड कशाला ते पुढे येईलच.

बॅटरी आणि फ्यूज

इंजिन बंद करून थोडा वेळ गेला की बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १२.४ ते १२.६ दिसलं तर पुढे जा. बाराच्याही खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी मापं चुकतील.

फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बहुतेक वेळा नकाशा असतो. रूफ लाइटचा फ्यूज सहसा एकट्याचा नसतो. टेपची मेमरी, हॅझार्ड नाहीतर हॉर्न त्याच्यावरच असू शकतो. रूफ लाइटबरोबर यातलं आणखी काही बंद पडलं असेल तर दोष केबिनच्या छतात शोधू नका, फ्यूज बॉक्सपाशीच थांबा. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावून टोचणीने दोन्ही ठिपके तपासा. दोन्हीकडे लॅम्प लागला तर फ्यूज शाबूत आहे. एकीकडेच लागला तर उडाला. फ्यूज उपटून डोळ्यांनी बघण्यापेक्षा ही रीत बरी, कारण तार शाबूत असूनही पायांवर गंज बसलेला असतो आणि उपटून परत खोचताना तो खरवडला जाऊन दिवा तात्पुरता लागतो. मग वाटतं काम झालं.

नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घ्या. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात : ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा. दहाच्या जागी वीस घातला की फ्यूज वाचतो आणि छतातली वायर जळते. फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांना तर हात जोडावेत.

काच काढताना

रूफ लाइटची प्लॅस्टिकची काच उन्हात आणि बल्बाच्या उष्णतेत भाजून बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असते. तिच्या एका कडेला बारीक खाच असते, बोट फिरवलं की लागते. स्क्रू ड्रायव्हर थेट तिथे घालू नका. एटीएम कार्डाचा कोपरा घालून हलकेच पिळा. हिवाळ्यातल्या सकाळी तर हे काम नकोच. गाडी तासभर उन्हात उभी करा, प्लॅस्टिक थोडं मऊ पडतं. दिवा लागत असेल तर दहा मिनिटं लावून ठेवला तरी तेच होतं, फक्त मग बल्बाला लगेच हात लावू नका.

एका बाजूला दोन दात आणि दुसऱ्या बाजूला लवचिक आकडा अशी बऱ्याच काचांची रचना असते. आकड्याची बाजू आधी सुटली पाहिजे. एका बाजूने अजिबात हलत नसेल तर जोर वाढवू नका, दुसरी बाजू बघा.

आतला बल्ब बहुधा लांबट, काचेच्या नळीला दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला असतो. दुकानात फेस्टून म्हणतात, नुसतं रूफ लाइटचा बल्ब म्हटलं तरी कळतं. काही गाड्यांत बिनटोपीचा, सपाट काचेच्या बुडाचा टी-१० असतो, पार्किंगला लागतो तोच. फेस्टून काढताना मधल्या काचेला धरून ओढू नका. एका टोकाची पट्टी बोटाने बाहेर दाबा, बल्ब आपोआप हातात येतो.

बल्ब खरंच गेला का, हे मल्टीमीटरच्या ओम मापावर बघा. थंड असताना १० वॉटचा बल्ब दीड-एक ओम दाखवतो, ५ वॉटचा तीनच्या आसपास. एवढा कमी आकडा पाहून बल्ब शॉर्ट झाला असं समजू नका. फिलामेंट तापलं की त्याचा रोध दहापट वाढतो. काहीच आकडा आला नाही, तर बल्ब गेला.

खरं मोजमाप : बल्ब जागेवर असताना

इथे बरेच लोक फसतात. बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर मीटर लावतात, १२.५ दिसतं, म्हणतात सप्लाय ठीक आहे. रिकाम्या होल्डरवर गंजलेल्या वाटेनेही पूर्ण व्होल्टेज दिसतं, कारण करंटच वाहत नसतो. वाट किती खराब आहे ते ओझं पडल्यावरच कळतं. म्हणून बल्ब होल्डरमध्ये ठेवूनच, दिवा लावून मोजा.

स्विच ‘ऑन’वर ठेवा. मीटरचं काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर लागलं पाहिजे, त्यासाठी एक लांब वायर जोडून घ्या. लाल टोक आधी होल्डरच्या पॉझिटिव्ह पट्टीवर ठेवा. बॅटरीवर १२.५ असताना इथे ११.२ दिसलं तर सव्वा व्होल्ट फ्यूज, कपलर आणि वायर मिळून खातायत. आता लाल टोक दुसऱ्या, म्हणजे अर्थच्या पट्टीवर ठेवा. चांगल्या गाडीत इथे शून्याच्या जवळचा आकडा येतो. ०.२ च्या आत असेल तर सोडून द्या. एक व्होल्ट आला तर तेवढा अर्थमध्ये मरतोय, आणि कितीही महागडा बल्ब आणला तरी तेवढा व्होल्ट तिथे मरणारच.

या दोन मापांनी दोष कुठल्या बाजूला आहे ते ठरतं. ती घेतल्याशिवाय नवीन काही विकत घेऊ नका.

दाराचा स्विच

ज्या पिकअपमध्ये रूफ लाइटला ऑन, ऑफ आणि दार अशा तीन जागा आहेत, तिथे एक सोपी परीक्षा आहे. ‘ऑन’वर दिवा लख्ख आणि दार उघडल्यावर मंद, किंवा लागतच नाही, तर दिवा चांगला आहे, दाराचा स्विच वाईट आहे. साध्या मॉडेलात नुसतं ऑन-ऑफ असतं, दाराचा स्विचच नसतो, त्यांनी हा भाग सोडून द्यावा.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत दिव्याला पॉझिटिव्ह कायम मिळालेला असतो आणि दाराचा स्विच अर्थ जोडतो. म्हणजे स्विचला एकच वायर, आणि अर्थ मिळतो तो त्याच्या स्क्रूतून, खांबाच्या पत्र्यातून. तुमच्या गाडीत तसंच आहे का ते टेस्ट लॅम्पने पाहता येतं. बल्ब जागेवर, दारं बंद, स्विच ‘दार’वर ठेवून टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावा आणि होल्डरच्या दोन्ही पट्ट्यांना टोचणी लावा. दोन्हीकडे लॅम्प लागला, मंद का होईना, तर अर्थ तुटतोय.

आता तो स्विच जवळून बघा. दाराच्या खांबावर बिजागरीच्या बाजूला, रबराची टोपी घातलेली दांडी. रबर फाटलेलं असतं, त्यातून पावसाचं पाणी आणि लाल माती आत जाते. कोकणात चाललेली गाडी असेल तर स्क्रूच्या भोवती गंजाचं तपकिरी वर्तुळ हमखास दिसतं, आणि त्या वर्तुळात पत्र्याचा कागद झालेला असतो. स्क्रू काढताना एकदम फिरवू नका. त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा.

स्क्रू निघाला की स्विच हळू बाहेर ओढा आणि मागची वायर लगेच पक्कडीने, कपडे वाळत घालायच्या चिमट्याने, कशानेही पकडून ठेवा. ती सुटून खांबाच्या पोटात पडली की सगळं ट्रिम उकलून शोधत बसावं लागतं. वायर काढून ती नुसती बॉडीच्या स्वच्छ धातूला टेकवा. दिवा लख्ख लागला ना? मग वायर ठीक आहे, दोष फक्त स्विचचा आणि त्याच्या बैठकीचा.

पत्र्यावरची स्क्रूची जागा आणि स्विचची धातूची बैठक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. रंगाखालचा धातू दिसला पाहिजे, अर्धवट घासून उपयोग नाही. दांडी दाबून-सोडून मीटरवर ओम बघा. सोडलेल्या अवस्थेत, म्हणजे दार उघडं असल्यासारखं, अर्ध्या ओमच्या आत आलं पाहिजे. आकडा नाचत असेल तर स्विच बदला, तो दुरुस्त करत बसण्याइतका महाग नसतो. बसवल्यावर स्क्रूच्या डोक्यावर आणि उघड्या पडलेल्या धातूवर व्हॅसलिनचा हात फिरवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तीच कथा. भोक गंजून मोठं झालं असेल आणि स्क्रू पकडत नसेल तर जाड स्क्रू ठोकून बसवण्यापेक्षा स्विचच्या बैठकीपासून वेगळी काळी वायर काढून डॅशबोर्डखालच्या एखाद्या चांगल्या बोल्टाला अर्थ द्या.

होल्डर जिवंत करणं

अर्थ ठीक निघाला तर होल्डरकडे वळा. बॅटरीची निगेटिव्ह केबल आता काढून ठेवा. आधी निगेटिव्हच काढायची, कारण पॉझिटिव्हचा नट सोडवताना पान्हा बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात.

पितळेच्या पट्ट्या काळवंडलेल्या असतात, उष्णतेने त्यांचा ताणही गेलेला असतो. टोकाच्या भोकांत पॉलिश पेपरची बारीक गुंडाळी घालून फिरवा, क्लीनर मारा. मग पट्टी बारीक पक्कडीने मुळाशी धरून किंचित आत वाकवा. टोकाला धरून वाकवली तर तुटते. बल्ब बसवताना टिक् असा आवाज येऊन तो घट्ट बसला पाहिजे, बोटाने गोल फिरवताना थोडा विरोध जाणवला पाहिजे.

पट्टी आणि खालची पाटी जोडणारा रिव्हेट हे लपलेलं दुखणं आहे. वरून सगळं चकचकीत, पण रिव्हेटखाली गंज. पट्टीवर मीटरचं एक टोक आणि पाटीवर दुसरं ठेवून ओम बघा. शून्याच्या जवळ नसेल तर रिव्हेटवर सोल्डरचा एक थेंब टाका. सोल्डरिंगची सवय नसेल तर जवळच्या टीव्ही-मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे न्या, तो दोन मिनिटांत करून देतो.

बुडाचं प्लॅस्टिक वितळून बल्ब वाकडा बसत असेल तर मात्र पूर्ण असेंब्ली बदला. कंपनीचा पार्ट महाग वाटला तर पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना, चांगल्या अवस्थेतला मिळतो. जुना घेताना काच नाही, पट्ट्यांचा ताण बघून घ्या. नवी असेंब्ली बसवताना मूळचेच स्क्रू वापरा. छताच्या आतल्या पट्टीत आणि बाहेरच्या पत्र्यात फार अंतर नसतं. हाताला लागला म्हणून लांब स्क्रू पिळला तर छतावर फोड येतो नाहीतर भोक पडतं, आणि जूनमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर थेंब पडायला लागतात.

बल्ब घ्यायला जाताना

जुना बल्ब खिशात घालून जा. तो फुटला असेल तर होल्डरच्या दोन भोकांमधलं अंतर पट्टीने मोजा. फेस्टूनमध्ये ३१, ३६, ३९ आणि ४१-४२ मिलिमीटर अशा लांब्या चालतात. ३६ चा बहुधा ५ वॉटचा, ४१ चा बहुधा १० वॉटचा असतो. ३९ च्या जागी ३६ चा ओढूनताणून बसतो, पण खड्ड्यात उडी बसली की सुटतो.

वॉट वाढवू नका. ५ वॉटच्या डबीत १० वॉटचा बल्ब घातला की काच तपकिरी होते, मग वितळते. जुन्या गाड्यांच्या काचांवर मधोमध दिसणारा करपट डाग तोच.

आणि बल्बावर कोरलेला व्होल्टेजचा आकडा वाचल्याशिवाय दुकानातून निघू नका. आपल्या पिकअप १२ व्होल्टच्या, मोठे ट्रक २४ चे. ट्रकचे पार्ट विकणाऱ्या दुकानात दोन्ही बल्ब एकाच खोक्यात पडलेले असतात, दिसायला सारखे, बसतातही सारखे. २४ व्होल्टचा बल्ब १२ वर लावला तर लागतो, पण त्याचा उजेड मूळच्या दहाव्या हिश्शापर्यंत उतरतो. नवा बल्ब लावूनही विझत्या निखाऱ्यासारखं दिसत असेल तर आधी हा आकडा तपासा.

एलईडी लावावा का

छताला लावा, माझं मत तसंच आहे. एक-दीड वॉटमध्ये दहा वॉटचा उजेड मिळतो, काच तापत नाही, खड्ड्यांनी फिलामेंट तुटण्याचा प्रश्न राहत नाही. पण अर्थ आणि होल्डर नीट केल्यानंतर लावा. एलईडी इतका कमी करंट घेतो की वाईट अर्थवरही तो बरा लागतो आणि दोष झाकला जातो. तोच गंज उद्या त्याच अर्थवर असलेल्या दुसऱ्या कशालातरी त्रास देतो आणि मग कारण सापडत नाही.

घेताना पांढराफेक, निळसर उजेडाचा घेऊ नका. पाकिटावर ६००० केल्विन लिहिलेलं असतं तो. रात्री समोरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं आणि दिवा बंद केल्यावर काही क्षण रस्ता काळा दिसतो. ३००० ते ४००० केल्विनचा उबदार उजेड कागद वाचायला पुरतो. कॅनबस लिहिलेले बल्ब जुन्या पिकअपला नकोत. त्यांच्यात मुद्दाम घातलेले रेझिस्टर असतात, ते करंट खाऊन तापतात, आणि बल्ब गेल्याचं ओळखणारी यंत्रणा आपल्या गाडीत मुळात नसतेच.

बसवल्यावर लागला नाही तर उलटा करून बघा, एलईडीला प्लस-मायनसची दिशा असते. चिप्सची बाजू खाली, काचेकडे आली पाहिजे. मागे धातूचं कवच असेल तर ते होल्डरच्या पट्टीला किंवा असेंब्लीच्या पत्र्याला टेकत नाही ना ते पाहा, टेकलं तर फ्यूज गेला. इंजिन चालू करून पाच-दहा मिनिटं ठेवा आणि मग हात लावून बघा. चालू गाडीत १४ व्होल्टच्या वर सप्लाय असतो, हलक्या प्रतीचा एलईडी तिथे हात लावू न देण्याइतका तापतो आणि आठवड्यात लुकलुकायला लागतो. एलईडी लावल्यापासून एफएमला खरखर सुरू झाली तर दोष रेडिओचा नाही, त्या बल्बाचा आहे.

दिवा बंद असताना एलईडी अंधारात मंद चमकत राहिला तर कुठूनतरी अगदी थोडा करंट झिरपतोय. आधी दाराचे स्विच बघा, ओलसर मातीतून तो झिरपतो.

मीटरमागचे दिवे : इथे घाई नको

मीटर कन्सोलमधले, म्हणजे डॅशबोर्डवरच्या स्पीडोमीटर वगैरे काट्यांमागचे बल्ब बदलताना निगेटिव्ह केबल काढलेलीच असली पाहिजे. स्टीअरिंगवर एअरबॅग असलेली गाडी असेल तर पिवळ्या कपलरला हात लावू नका. कन्सोलची झालर, म्हणजे भोवतीची चौकट, सुटली की मीटर थोडं पुढे येतं. ते ओढू नका, जुन्या गाड्यांत मागे स्पीडोमीटरची केबल अडकलेली असते. मागून हात घालून तिचा खाचांचा नट हाताने सोडवा, किंवा आकडा दाबून काढा. कपलर काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो घ्या.

मागे बहुधा निळी किंवा तपकिरी लवचिक पट्टी दिसते, तिच्यावर तांब्याच्या रेघा. हेच तुमचं वायरिंग. बल्बाचे प्लॅस्टिकचे होल्डर त्यात पाव फेरी उलटं फिरवून निघतात. नख किंवा स्क्रू ड्रायव्हर घसरून तांब्याची रेघ उचकटली तर ते काम वाढलं म्हणून समजा, म्हणून होल्डर बोटांनीच फिरवा. बहुतेक ठिकाणी टी-५ चे १.२ वॉटचे बल्ब असतात, काही ठिकाणी ३ वॉटचे टी-१०. ज्या जागी जो होता तोच घाला. मीटर उजळवणारे सगळे एकदमच बदला, एक गेला म्हणजे बाकीचे त्याच वयाचे आहेत, आणि मीटर परत परत उघडण्यासारखं नसतं.

मीटर उघडलंच आहे तर आतला पांढरा रंग बघा. तो पिवळा पडून धूळ बसली असेल तर उजेडाचा बराच भाग तिथेच जिरतो. मऊ ब्रशने झाडा, काटे मात्र हलवू नका. उजेड कमी-जास्त करायचं चाक असेल तर ते इकडून तिकडे बऱ्याच वेळा फिरवा, आतली पट्टी घासून साफ होते. नुसत्या एवढ्यानेही मीटर उजळल्याची उदाहरणं आहेत.

मीटरमध्ये एलईडी घालायचा मोह टाळा, आणि चार्जिंगच्या लाल दिव्याच्या जागी तर घालूच नका. तो दिवा नुसता इशारा नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे गॅरेजवाले ज्याला डायनॅमो म्हणतात तो, जागा व्हायला लागणारा सुरुवातीचा करंट याच बल्बातून जातो. दोन-तीन वॉटचा बल्ब असेल तर पाव अँपिअरच्या आसपास करंट मिळतो. एलईडी त्याच्या कितीतरी पट कमी करंट जाऊ देतो. मग गाडी सुरू होते, पण आयडलवर अल्टरनेटर चार्जच करत नाही, एकदा रेस दिल्यावर करतो. बॅटरी उतरायला लागली की लोक बॅटरी बदलतात, मग अल्टरनेटर खोलतात, आणि दोष मीटरातल्या तीस रुपयांच्या एलईडीचा निघतो. हा बल्ब गेलेला असला तरी परिणाम तोच. किल्ली ऑन केल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी, चार्जिंगचा दिवा लागतोच ना हे म्हणून बघायचं.

इंडिकेटरचा हिरवा बाण दोन्ही बाजूंना मिळून एकच असेल तर तिथेही एलईडी चालत नाही. त्या बल्बातून करंट कधी इकडून, कधी तिकडून जातो, आणि एलईडी एकाच दिशेला लागतो. हेडलाइट अप्परचा निळा दिवा मुद्दाम मंद ठेवलेला असतो, तो उजळ करू नका, रात्रभर डोळ्यात खुपतो.

मीटर पूर्ण बसवण्याआधी केबल जोडून किल्ली ऑन करा. चार्जिंग, ऑइल, हँडब्रेकचे दिवे लागले पाहिजेत. मग इंजिन चालू करा, चार्जिंगचा दिवा विझला पाहिजे आणि बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा आला पाहिजे. हे सगळं जमलं की मगच झालर लावा.

हौद्यात दिवा हवा असेल तर

बंद बॉडीच्या गाडीत माल उतरवताना मागे दिवा लागतो. त्यासाठी रूफ लाइटच्या वायरीतून फाटा काढू नका. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून हातभर अंतराच्या आत ३ अँपिअरचा फ्यूज घालून १ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर न्या, पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट घाला, स्विच केबिनमध्ये ठेवा. चासीच्या कडेने नेताना सायलेन्सरपासून लांब. फ्यूज हौद्याकडच्या टोकाला बसवणारे भेटतात. मधली सगळी वायर मग बिनफ्यूजची राहते.

शेवटची तपासणी : रात्री काही ओढतंय का

दार नीट न लागल्याने १० वॉटचा रूफ लाइट रात्रभर चालू राहिला तर बारा तासांत साधारण दहा अँपिअर-अवर जातात. चांगली बॅटरी सकाळी गाडी सुरू करून देते. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस तसाच राहिला तर साठ जातात, आणि मग धक्का मारायला माणसं शोधावी लागतात.

म्हणून काम संपल्यावर किल्ली काढा, बोनेट उघडं ठेवून दारं बंद करा, निगेटिव्ह केबल काढा आणि केबल व बॅटरीच्या मध्ये मल्टीमीटर १० अँपिअरच्या मापावर लावा. लाल टोक मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात घालायचं, नेहमीच्या नाही. जुन्या पिकअपमध्ये टेपच्या मेमरीसाठी वीस-पन्नास मिलिअँपिअर जातात, म्हणजे ०.०२ ते ०.०५ दिसलं तर ठीक. ०.४ दिसलं तर ५ वॉटचा आणि ०.८ दिसलं तर १० वॉटचा कुठलातरी बल्ब चालू आहे. ग्लोव्ह बॉक्स आधी बघा, त्याचा दिवा बंद झाकणाआड जळत राहतो आणि कुणाला दिसत नाही. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल, त्याच वाटेवर शोध घ्या. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, शेकडो अँपिअर जातात आणि मीटरचा फ्यूज तरी उडतो नाहीतर मीटर तरी.

आकडा जागेवर आला की केबल घट्ट करा, दोन्ही टोकांना व्हॅसलिन लावा आणि टेपमधलं घड्याळ लावून घ्या.